थंडीतला सॉफ्टबॉल : मुलांना उभं ठेवू नका

डिसेंबर निम्मा सरला की वर्तमानपत्रांत निफाडचा पारा रोज छापून येऊ लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कधी आठ, कधी सहा अंशांची नोंद होते आणि दवाखान्यात आलेले आईवडील विचारतात, “डॉक्टर, एवढ्या गारठ्यात पोरीला पहाटे सॉफ्टबॉलच्या सरावाला पाठवायचं का?” स्पर्धांचे दिवस आणि थंडीचे दिवस बहुधा एकत्रच येतात, त्यामुळे सराव बंद ठेवणं क्रीडाशिक्षकांना परवडत नाही. घरी आजी मात्र कानटोपी हातात घेऊन दारात उभी असते.

माझं उत्तर आहे, पाठवा. नाशिकची थंडी निरोगी मुलाला सोसणारी आहे. सर्दी होते ती विषाणूमुळे, गार वाऱ्यामुळे नाही. एकाच बाटलीला पाच जणींनी तोंड लावल्याने ती जास्त पसरते. शिवाय या खेळाचा जन्मच थंडीतला. १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोतल्या एका बोट क्लबच्या दालनात जॉर्ज हॅनकॉक यांनी तो सुरू केला. बाहेर गारठा असताना छपराखाली बेसबॉलसारखं काही खेळता यावं, म्हणून. आपण मात्र तो उघड्या मैदानावर आणि दिवसातल्या सर्वांत गार तासाला खेळतो. माझी हरकत तेवढ्यापुरतीच आहे.

नाशिकच्या गार हवेने धावपटू घडवले. कविता राऊत याच मातीतल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १० हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. लांब पल्ल्याच्या धावपटूला गारवा मानवतो, कारण तो सतत धावत असतो आणि त्याचे स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. हा दाखला देऊन पालक म्हणतात, मग आमच्या मुलीला काय होणार आहे? सॉफ्टबॉलमध्ये गणित उलटं असतं. आउटफिल्डला उभी असलेली मुलगी दहा दहा मिनिटं जागची हलत नाही आणि मग एकदम वीस-पंचवीस मीटर जीव खाऊन पळते. बॅटिंगच्या रांगेत बारा जणी असतील तर अकरा जणी हात काखेत घालून उभ्या असतात. अंग गार होत जातं आणि त्याच गार अंगाकडून क्षणात पूर्ण ताकद मागितली जाते. हिवाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या मांडीच्या आणि खांद्याच्या दुखापतींमागे मला हेच उभं राहणं दिसतं. मोठ्यांपेक्षा मुलं लवकर गारठतात हेही लक्षात घ्या. त्यांच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे अंगातली ऊब लवकर निघून जाते.

गार स्नायू ताठर असतो, तो सावकाश आकसतो आणि ताणला की लवकर फाटतो. हाताची त्वचा आणि नसा गार झाल्या की नसांमधून जाणारे संदेशही मंदावतात. बोटं बधिर होतात, पकड सैल पडते. पिचर आणि बॅटरमधलं अंतर मोठ्या महिलांच्या खेळात ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर असतं. ताशी ७० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ते अंतर पाऊण सेकंदाच्या आत कापतो. त्या वेळात बधिर हातांनी बॅट फिरवायची असते. गारव्यात चेंडूही जास्त कडक होतो. तो बॅटच्या टोकाला किंवा मुठीजवळ लागला की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. कंपोझिट बॅट असेल तर ती तडकण्याची भीती वेगळीच. म्हणून चेंडू रात्री उघड्या खोलीत ठेवू नका, घरात ठेवा, आणि सकाळची पहिली बॅटिंग टेनिसच्या चेंडूवर होऊ द्या. गवतावर दव असेल तर चामड्याचा चेंडू भिजून जड आणि निसरडा होतो. तो पूर्ण ताकदीने फेकणं खांद्याच्या हिताचं नाही.

वॉर्मअप म्हणून पुष्कळ मैदानांवर एक फेरी पळतात आणि मग खाली बसून पाय ताणून धरतात. गार स्नायू ताणून धरल्याने तो गरम होत नाही. निदान १५ मिनिटं हलतं वॉर्मअप हवं : सावकाश धावणं, गुडघे उचलून चालणं, बाजूला सरकत पळणं, हातांची वर्तुळं, शेवटी दोन-तीन छोट्या जोरकस धावा. कपाळावर घाम दिसला म्हणजे अंग तयार झालं. मग थ्रो सुरू करा, तेही पाच-सहा मीटरवरून. तिथून दहा मीटर, मग बेसचं १८ मीटरचं अंतर, आणि पिचरचा पूर्ण गोल हात अगदी शेवटी. हाताला बाम चोळून हे टाळता येत नाही. बामने त्वचेला ऊब वाटते, आतला स्नायू होता तेवढाच गार राहतो.

क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की हिवाळ्यापुरती रांग मोडा. बारा जणींचे चार गट करा. एक गट बॅटिंग करील, दुसरा जमिनीलगतचे चेंडू अडवील, तिसरा बेसवर धावण्याचा सराव करील, चौथा जोडीने थ्रो करील, आणि दर सात-आठ मिनिटांनी जागा बदलतील. सूचना द्यायच्या तर मुलींना हलत ठेवून द्या. गोल उभं करून वीस मिनिटं बोललात तर केलेलं वॉर्मअप वाया जातं. पिचरने आपली पाळी संपली की जर्किनची बाही चढवावी आणि पुन्हा टाकण्याआधी काही हलके थ्रो करावेत.

आता वेळेबद्दल. दिवसातलं सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं आणि जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे सहाचा सराव अंधारात आणि घसरत्या पाऱ्यात होतो. त्यात गार, जड हवा जमिनीलगत साचलेली असते, वरची हवा उबदार असते, म्हणून धूर वर चढत नाही. रस्त्याकडेच्या शेकोट्या, पेटवलेला कचरा, गावाकडे द्राक्षबागांत थंडीसाठी केलेला धूर, सगळा मुलांच्या नाकाच्या उंचीला रेंगाळतो. शाळा दुपारची असेल तर सराव साडेआठला घ्या, सकाळची असेल तर चार ते सहा घ्या. मैदानाच्या कडेला शेकोटी तर पेटवूच नका. मुलं तिच्याभोवती धूर हुंगत बसतात आणि तशीच उठून पळायला लागतात.

या धुराचा आणि गार, कोरड्या हवेचा त्रास काही मुलांना विशेष होतो, आणि तो ओळखलाच जात नाही म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. मूल जोरात पळताना तोंडाने श्वास घेतं. कोरडी हवा श्वासनलिकांमधला ओलावा शोषून घेते आणि त्या आकसतात. गंमत अशी की पळताना मूल बहुधा ठीक असतं; थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला सुरू होतो, छाती आवळल्यासारखी वाटते, कधी घरघर ऐकू येते. अर्ध्या-एक तासात सगळं आपोआप निवळतं, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत काहीच उरलेलं नसतं. मैदानावर शिक्का बसतो, “हिचा दम कमी आहे.” आणि शिक्षा म्हणून आणखी दोन फेऱ्या. खेळून बसल्यावर वारंवार खोकणाऱ्या मुलाला कृपा करून फेऱ्या मारायला लावू नका, तपासायला पाठवा.

असा त्रास असलेलं किंवा दमा असलेलं मूल सॉफ्टबॉल उत्तम खेळू शकतं. नियमित घ्यायचा पंप बरं वाटलं म्हणून सोडू नये. खेळाआधी घ्यायचा पंप डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो सांगितलेल्या वेळी घ्यावा आणि किटमध्ये ठेवावा, घरच्या कपाटात नाही. “पंपाची सवय लागते” या समजुतीपायी मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. मध्ये थोडी उसंत घेत केलेल्या छोट्या धावांचं वॉर्मअप या मुलांना फार उपयोगी पडतं, आणि नाकातोंडावरून सैलसर मफलर घेतला की आत जाणारी हवा उबदार आणि ओलसर होते. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, तर पंप देऊन थेट रुग्णालय गाठा. धावताना मूल भोवळ येऊन पडलं किंवा छातीत दुखलं, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत मैदान बंद.

उपाशीपोटी पाठवू नका. एक केळं आणि कपभर गरम दूध, किंवा तिळाचा लाडू पुरेसा आहे. परतल्यावर पोहे, उपमा, बाजरीची भाकरी आणि अंडं, घरात असेल ते पोटभर. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी जास्त होते, म्हणून दर वीस मिनिटांनी कोमट पाण्याचे चार घोट प्यायला लावा. नाकच वाहत असेल तर हलका सराव चालेल. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर चालणार नाही, आणि ताप उतरला त्याच दिवशीही नाही. या दिवसांत हवा कोरडी असते, बोटांना भेगा पडतात. तेल किंवा व्हॅसलीन रात्री लावा. सकाळी लावलंत तर चेंडू सटकेल.

पिचरच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळीही उरलं असेल, तर पिचिंग थांबवा. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तो ताणाने दुखावतो आणि चोळण्याने, ओढण्याने आणखी बिघडतो. ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस शेक आणि मालिश नको. हिवाळा असला तरी फडक्यात गुंडाळलेला बर्फच लावायचा.

कपडे एकावर एक पातळ घाला, एकच जाड स्वेटर नको. घाम आला की वरचा थर काढता यायला हवा. सराव संपताच मुलं घामेजलेल्या टी-शर्टवरच स्कूटीवर मागे बसतात आणि गंगापूर रोडच्या वाऱ्यात वीस मिनिटांत सरावभर कमावलेली ऊब घालवतात. पिशवीत एक कोरडा बनियन आणि टी-शर्ट असू द्या. मैदानावरच कपडे बदलून, वर जर्किन आणि कानटोपी चढवून मगच गाडीवर बसवा.