वापरलेली मोटार विकण्यापूर्वीची तपासणी

वापरलेल्या मोटारीचा व्यवहार मुळातच विषम असतो. ब्रेक केव्हा दगा देतात, सांगाड्याला कोठे गंज चढला आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक असते. घेणाऱ्यास दिसतो तो नुकताच पुसून चकचकीत केलेला रंग. शिवाय अशा दोषाची किंमत खरेदीदाराबरोबर रस्त्यावरील तिऱ्हाइतालाही मोजावी लागते. म्हणूनच काही ठिकाणी ही तपासणी खरेदीदाराच्या चौकसपणावर न सोडता कायद्याने विक्रेत्यावर सोपविलेली आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याची पद्धत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तेथे, काही अपवाद वगळता, नोंदणीकृत मोटार विक्रीस ठेवल्या क्षणापासून तिच्यावर सुरक्षा-प्रमाणपत्र लावलेले असावे लागते. सौदा ठरेपर्यंत थांबून चालत नाही. शासनमान्य तपासणी केंद्रातील तंत्रज्ञ टायर, ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंगा व धक्के शोषणारे भाग, दिवे, समोरची काच आणि सांगाड्यावरील गंज वा मोडतोड पाहतो. टायरवरील नक्षी किमान १.५ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे. ती झिजली की ओल्या रस्त्यावरील पाणी चाकाखालून बाजूला सारले जात नाही आणि गाडी घसरते.

तपासणी म्हणजे त्या दिवसाची स्थिती. वापराबरोबर ती बदलते. म्हणून खाजगी विक्रेत्याचे प्रमाणपत्र २ महिने किंवा २,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंतच ग्राह्य असते. परवानाधारक विक्रेत्यास ३ महिने मिळतात, परंतु अंतराची मर्यादा १,००० किलोमीटर असते.

या प्रमाणपत्राचा अर्थ मात्र नेमका समजून घेतला पाहिजे. गाडी रस्त्यावर चालविण्यास सुरक्षित आहे, एवढेच ते सांगते. इंजिन किती वर्षे टिकेल, याची हमी ते देत नाही. ती पारख खरेदीदाराने स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते.

शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दरवर्षी होते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षे वैध असते. विक्रीच्या वेळी तपासणी केल्यास दोष नव्या मालकाकडे जाण्यापूर्वी पकडला जातो. पण जी गाडी वर्षानुवर्षे विकलीच जात नाही, ती या चाळणीतून सुटते. ठरावीक काळाने होणारी तपासणी ही उणीव भरून काढते, परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या काळात झालेल्या विक्रीत खरेदीदार पुन्हा एकटाच पडतो.