गच्चीवरची गाजरे

(घराला अंगण नसले, तरी थोड्या मातीत भाजी पिकवता येते. लेखकाच्या कुटुंबाने गच्चीवर गाजरे लावली. पहिल्या वर्षी ती का फसली आणि दुसऱ्या वर्षी ती कशी साधली, हे या पाठात सांगितले आहे.)

आमचे घर मालेगावच्या एका अरुंद गल्लीत आहे. गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू असते. घराला अंगण नाही, परसही नाही. वर एक लहानशी गच्ची तेवढी आहे. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची दोरी आणि थोडे जुने सामान, एवढेच तिथे असायचे.

तीन वर्षांपूर्वी माझी आई गावाहून आमच्याकडे राहायला आली. माझी मुले तिला दादी म्हणतात, म्हणून आम्हीही तिला दादीच म्हणतो. दादींचे गाव गिरणा नदीच्या काठी. तिथे आमची थोडी शेती होती. वडील वारले आणि ती विकावी लागली. दादी शहरात आल्या, पण इथे त्यांच्या हाताला काम उरले नाही. नमाज झाली, की त्या खिडकीशी बसून राहत. कुणी बोलले तर बोलत, नाही तर गप्प असत.

माझी मुलगी मुन्नी तेव्हा सहावीत होती. विज्ञानाच्या पुस्तकात तिने सोटमुळाची माहिती वाचली. जे एकच मुख्य मूळ सरळ खाली जाते, ते सोटमूळ. मुळा आणि गाजर ही अशीच मुळे आहेत. त्यांत झाड आपले अन्न साठवून ठेवते.

"अब्बा, आपण गच्चीवर गाजर लावू या का?" मुन्नीने विचारले.

मला कल्पना आवडली. मी बी आणले. वांग्याची आणि टोमॅटोची रोपे आधी एका कुंडीत तयार करतात आणि मग दुसरीकडे लावतात, हे मी पाहिले होते. मी गाजराचेही तसेच केले. रोपे बोटभर वाढल्यावर ती उपटून डब्यांत लावली. डब्यांत शेतातली काळी माती भरली होती. पीक जोमाने यावे म्हणून मी तिच्यात ताजे शेण मिसळले.

पाने हिरवीगार झाली. आम्ही खूश होतो. साडेतीन महिन्यांनी गाजरे उपटली, तेव्हा मात्र आमची तोंडे पाहण्यासारखी झाली. एकही गाजर सरळ नव्हते. कुणाला दोन पाय फुटले होते, कुणाला तीन. काही गाजरे वाकडी होऊन एकमेकांत गुंतली होती.

"अब्बा, हे गाजर पायजमा घालून आलंय!" आमचा छोटू ओरडला.

सगळे हसले. मुन्नी मात्र रडवेली झाली. "बी खराब होतं," ती म्हणाली.

दादी दारात उभ्या होत्या. त्यांनी एक गाजर हातात घेतले, त्याची माती पुसली आणि म्हणाल्या, "बी चांगलं होतं, बेटा. गाजराला जागेवरून हलवलंत, तिथंच चुकलं."

"दादी, तुम्हांला हे आधीच ठाऊक होतं?" मुन्नीने विचारले.

"होतं की. पण मला विचारलं कुणी?" दादी शांतपणे म्हणाल्या.

मला फार वाईट वाटले. मी दुकानदाराला विचारले होते, शेजाऱ्याला विचारले होते. जिने आयुष्यभर शेती केली, त्या आईला मात्र विचारले नव्हते.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये गच्चीचा कारभार दादींच्या हाती गेला. गाजराला थंडी मानवते. म्हणून आपल्याकडे पावसाळा संपत आला, की त्याची पेरणी करतात. आम्ही सारख्या मापाची दोन लाकडी खोकी आणि तेलाचे दोन रिकामे डबे घेतले. प्रत्येकाची खोली सुमारे एक फूट होती. गाजराला खाली जायला एवढी खोली हवी. डब्यांच्या आणि खोक्यांच्या तळाला भोके पाडली. भोके नसतील तर पाणी साचते आणि मुळे कुजतात. ओली माती फार जड असते. म्हणून हे सारे गच्चीच्या मधोमध न ठेवता कडेला, भिंतीच्या वर येईल असे ठेवले. तिथे दिवसातून सहा तास ऊनही मिळत होते.

"काळी माती नको," दादी म्हणाल्या. "ती सुकली की दगडासारखी होते. गाजराची वाट अडते. आम्ही गाजर नदीकाठच्या पोयट्यात लावायचो."

मग आम्ही दोन पाट्या पोयटा, एक पाटी वाळू आणि एक पाटी चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. मुन्नी आणि छोटूने ते चाळणीने चाळले. एक एक खडा वेचून काढला. मुळाच्या वाटेत खडा आला, की मूळ फाटते किंवा वाकडे होते. ताज्या शेणानेही मुळांना फाटे फुटतात आणि खत फार झाले, तर नुसती पानेच वाढतात. माझ्या सगळ्या चुका मला आता एकेक करून कळू लागल्या. रोप उपटताना सोटमुळाचे टोक तुटते. टोक तुटले, की बाजूची मुळे जाड होऊ लागतात. छोटूचा 'पायजमा' असाच तयार झाला होता!

ज्यांच्या घरी अंगण आहे, त्यांनी गादीवाफा करावा. चारी बाजूंनी विटा लावून त्यांत जमिनीपासून एक फूट उंच भुसभुशीत माती भरावी. वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नसावी. म्हणजे वाफ्यात पाय न देता मधल्या रोपापर्यंत हात पोहोचतो आणि माती दबत नाही.

गाजराचे बी फार बारीक असते. चिमटीत घेतले, तर एकाच जागी पुष्कळ पडते. दादींनी ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळले. खोक्यांत अर्ध्या वितीच्या अंतराने तीन ओळी ओढल्या आणि वाळूसकट बी सोडले. वरून अर्धा सेंटिमीटर माती पसरली. खोक्यांत नॅन्टीस जातीची नारिंगी, आखूड गाजरे पेरली. डब्यांत पुसा केसर ही लाल जात पेरली. ही जात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केली आहे.

त्यावर ओले गोणपाट घातले. मुन्नी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडत असे. एक आठवडा गेला. काहीच दिसेना. छोटू माती उकरून पाहणार, तोच दादींनी त्याचा हात धरला. "गाजर घाई करणाऱ्याचं नाही," त्या म्हणाल्या. बाराव्या दिवशी गवतासारखे हिरवे कोंब दिसले. लगेच गोणपाट काढून टाकले.

रोपे बोटभर झाली. आता विरळणी करायची होती. दोन रोपांत दोन इंच अंतर राहावे, म्हणून मधली रोपे काढून टाकायची होती. मुन्नी मात्र खोक्यासमोर उभी राहिली.

"दादी, ही जिवंत रोपं आहेत. मी रोज पाणी घातलंय त्यांना. तुम्ही उपटू नका!"

दादी रागावल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या, "एका खोक्यात माझ्या मनासारखं करू. दुसरं खोकं तुझं. त्याला मी हात लावणार नाही."

दादींच्या खोक्यात 36 रोपे राहिली. मुन्नीच्या खोक्यात शंभराहून जास्त होती. दोन्ही खोक्यांना सारखेच पाणी, सारखेच ऊन मिळाले. माती ओलसर राहील, पण चिखल होणार नाही, याकडे दादींचे लक्ष असे. कारण माती फार सुकल्यावर एकदम भरपूर पाणी दिले, तर गाजरे तडकतात. गाजराचा माथा मातीवर आला, की मुले त्यावर माती सारत. माथ्याला ऊन लागले, तर तो हिरवा आणि कडवट होतो.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. दादींच्या खोक्यातली 36 पैकी 31 गाजरे सरळ, गोल आणि बोटापेक्षा जाड निघाली. मग मुन्नीने आपले खोके उपटले. पाने भरपूर होती. पण खाली गाजरे कुठे पेन्सिलीएवढी, कुठे उंदराच्या शेपटीएवढी! मोठे म्हणावे असे एकही नव्हते.

मुन्नी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादी, मी सगळ्यांना ठेवलं, म्हणून कुणालाच जागा मिळाली नाही."

दादींनी तिला जवळ घेतले. "तुझी बारीक गाजरं आपण लोणच्यात घालू. वाया काही जायचं नाही," त्या म्हणाल्या.

नारिंगी गाजरांची कोशिंबीर झाली. लाल गाजरांचा हलवा झाला आणि तो शेजारच्या तीन घरी गेला. गाजरात कॅरोटीन असते. त्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो. गाजराबरोबर थोडे तेल किंवा तूप पोटात गेले, तर कॅरोटीन शरीराला अधिक चांगले मिळते. मात्र गाजर खाऊन कुणाचा चष्मा जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

दादींनी एका डब्यातली दोन लाल गाजरे उपटू दिली नाहीत. "ही बियाण्याची," त्या म्हणाल्या. पुढे त्या झाडांना उंच दांडे आले आणि छत्रीसारखी पांढरी फुले लागली. उन्हाळ्यात बी वाळले. दादींनी ते कागदाच्या पुडीत बांधले आणि मुन्नीकडून तिच्यावर महिना लिहून घेतला : ऑक्टोबर.

आता दादी खिडकीशी बसत नाहीत. नमाज झाली, की त्या गच्चीवर जातात. गल्लीतली मुले त्यांना विचारायला येतात, "दादी, मेथी कधी लावायची?"

शब्दार्थ

परस – घरामागची मोकळी जागा
पोयटा – नदीने आणून टाकलेली मऊ, सुपीक माती
गादीवाफा – जमिनीपासून उंच केलेला मातीचा वाफा
विरळणी – दाट रोपांतली काही रोपे काढून टाकणे
गोणपाट – तागाचे जाड कापड
वीत – अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
रातांधळेपणा – अंधुक प्रकाशात न दिसण्याचा विकार

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादींचे गाव कोणत्या नदीच्या काठी होते?
(आ) बी वाळूत का मिसळले?
(इ) खोकी गच्चीच्या कडेला का ठेवली?

2. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "पण मला विचारलं कुणी?"
(आ) "हे गाजर पायजमा घालून आलंय!"

3. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या वर्षी लेखकाच्या कोणकोणत्या चुका झाल्या?
(आ) दोन खोक्यांतल्या गाजरांत फरक का पडला?
(इ) लेखकाला वाईट का वाटले?

4. 'गाजर' हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे. पण उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत नपुंसकलिंगी : ते गाजर, ती गाजरे. खालील वाक्ये दुरुस्त करा.
(अ) गाजर गोड होती. (एक गाजर)
(आ) मी लाल गाजर आणली. (एक गाजर)

5. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला पूर्वी त्या कोणते काम करत, ते विचारा. त्यांनी सांगितलेली एक उपयोगी गोष्ट मराठीत पाच वाक्यांत लिहा.