पत्र्यावर उमटलेली पाच बोटं

माझी बोलेरो तयार झाली नाशकातच, सातपूरला. गंजली ती मात्र दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत. मागच्या दाराची खालची कड मी आजवर तीनदा उघडी केली. पहिल्या दोन्ही वेळा काम वाया गेलं.

१. फुगवटा रुपयाएवढा दिसला, तर खाली गंज तळहाताएवढा असतो. वायर ब्रशने तो चकाकतो, जात नाही. ८० नंबरचा पेपर घ्यावा आणि सुईच्या टोकाएवढे काळे ठिपकेही जाईपर्यंत घासावं. दाराखालची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली असतील, तर गंज आतून येतो. मग बाहेर कितीही घासा.

२. घासण्याआधी साबणाने धुवावं, म्हणजे दारावरचे मोरचुदाचे ओघळ निघतात. फवारणीचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जमलं का हे बघायला आपण त्यात विळा बुडवतो. पातं तांबूस झालं की चुना कमी पडला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं, म्हणून तर मिश्रण लोखंडी ड्रममध्ये करत नाहीत. हे ठाऊक असून मी मोरचुदाची फाटकी गोणी वर्षानुवर्षं गाडीच्या मागे टाकत होतो. गोणीतलं सांडायचं, ओल लागली की ओघळायचं आणि विळ्याचं होतं तेच दाराचं व्हायचं. एवढं कळायला मला दोन दारांचा रंग लागला!

३. जुना रंग आणि पत्रा यांच्यामधली पायरी मोडायची. १८०, मग ३२०. डोळे मिटून बोट फिरवावं. अडखळलं तर अजून घासावं.

४. त्यानंतर मात्र बोट लावायचं नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी मी घासलेला पत्रा कौतुकाने चाचपला आणि प्रायमर उद्यावर ढकलला. सकाळी पाचही बोटं तांबूस उमटलेली. "काका, पोलिसांत द्यायचेत का ठसे?" शेजारचा पेंटर म्हणाला. पुसायला दोन स्वच्छ फडकी हवीत. एकाने ग्रीस रिमूव्हर लावायचा, तो उडून जायच्या आत दुसऱ्याने टिपून घ्यायचा. नुसतं ओल्या फडक्याने पुसलं, तर तेलकटपणा इकडचा तिकडे होतो.

५. आधी इपॉक्सी प्रायमर, वर लांबी. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासावी. मी वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासली होती. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले.

६. पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळीच्या सुमारास हवा चांगली असते, पण ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांतून डोकं वर काढायला कुणाला फुरसत? मी एप्रिलमध्ये, माल गेल्यावर करतो. सकाळी, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर प्रायमर नीट पसरायच्या आतच सुकतो.

रंगाचं विचाराल, तर गाडीचा कोड बघून डबी आणली की झालं. मोरचूद आता झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यातून नेतो.