सरासरीत हरवलेली दुपार



गेल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या वर्गाबद्दल काही पालकांनी तक्रार केली. दुपारी मुलांना तिथे बसवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बैठकीत विषय निघाला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत प्रयोगशाळेतल्या डेटा लॉगरचा कागद पुढे केला. त्यावर रोजचा एकच आकडा होता, दिवसभराची सरासरी. तो पाहून एक विश्वस्त काका म्हणाले, "सर, एवढे तर आमच्या घरीही असते." विषय तिथेच बारगळला. चूक काकांची नव्हती, पालकांचीही नव्हती. लॉगर मीच लावला होता.

डेटा लॉगर म्हणजे तापमानासारख्या गोष्टी ठराविक वेळाने मोजून आपोआप लिहून ठेवणारी छोटी पेटी. आपला लॉगर दर १० सेकंदांनी मोजतो, म्हणजे दिवसाला ८,६४० वेळा. पण प्रत्येक मोजणी तो जपून ठेवत नाही. मनातल्या मनात बेरीज वाढवत जातो, किती वेळा मोजले ते मोजतो, आणि सांगितले असेल तर सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा बाजूला ठेवतो. कालावधी संपला की भागाकार करतो, एक ओळ लिहितो आणि पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात करतो. मी हा कालावधी २४ तास ठेवला होता आणि फक्त सरासरी मागितली होती. कारण काय, तर तक्ता एका पानात सुबक मावतो! ८,६४० मोजण्यांतून एक आकडा उरला आणि बाकीच्या पुसल्या गेल्या. त्या कुठल्याही गणिताने परत मिळत नाहीत.

आता हिशोब करून पाहा. समजा एक खोली १८ तास २९ अंशांवर आणि ६ तास ३९ अंशांवर आहे. सरासरी येते ३१.५ अंश. खोली तर एक क्षणही ३१.५ अंशांवर नव्हती! आपल्या माळव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली; तीच रात्र सरासरीत शिरून दुपारची धग झाकते. रात्री त्या वर्गात बसते कोण? कमाल तापमानाचा एक रकाना जास्त ठेवला असता, तर बैठकीत निराळी चर्चा झाली असती.

म्हणून कालावधी न सांगता दिलेला आकडा अर्धवट समजावा. हवामानशास्त्रात वाऱ्याचा वेग सहसा १० मिनिटांच्या सरासरीने देतात, पण झोत ३ सेकंदांच्या सरासरीवरून. झाडाची फांदी मोडते ती झोताने. हवेतल्या पीएम २.५ या बारीक धुळीची आपल्या देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर वर्षाच्या सरासरीसाठी ४०. धूळ तीच, कालावधी बदलला की मर्यादाही बदलते. शिवाय हवेचा निर्देशांक काढताना २४ तासांपैकी किमान १६ तासांच्या नोंदी असाव्या लागतात. वीज गेली आणि चारच तासांच्या मोजण्या झाल्या, तर त्यांना "दिवसाची सरासरी" कसे म्हणणार? यासाठी मोजण्यांची संख्याही प्रत्येक ओळीत हवी.

वाऱ्याच्या दिशेची गंमत तर औरच. एक मोजणी ३५० अंश, दुसरी १० अंश. दोन्ही वेळा वारा उत्तरेकडूनच आला, पण साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण! म्हणून चांगला लॉगर दिशेचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन भाग करून त्यांची वेगवेगळी सरासरी काढतो व मग दिशा जुळवतो. नववी-दहावीच्या मुलांनी आलेख कागदावर बाण काढून हे करून पाहावे.

(मी हिंदी माध्यमात शिकलो. आम्ही "माध्य" आणि "माध्यिका" म्हणायचो, तुमच्या पुस्तकात "मध्य" आणि "मध्यक" आहे. वर्गात माझ्या तोंडून जुना शब्द निघाला तर हसा, पण उत्तर बरोबर लिहा.)

आता लॉगरचा कालावधी १० मिनिटे केला आहे. प्रत्येक ओळीत सरासरी, कमाल, कमालीची वेळ, किमान आणि मोजण्यांची संख्या असे पाच रकाने आहेत. पूर्ण ओळीत ६० मोजण्या हव्यात. कमी दिसल्या तर त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करायची. दहा मिनिटांच्या ओळींवरून तासाची किंवा दिवसाची सरासरी केव्हाही काढता येते, उलटे मात्र करता येत नाही. पुढच्या बैठकीत शाळेच्या वेळेतल्याच ओळी वेगळ्या काढून ठेवणार आहे. त्याआधी नववीच्या मुलांनी एक गोष्ट तपासून मला सांगावी: २ वाजून १० मिनिटांची ओळ ही २:०० ते २:१० ची आहे, की २:१० ते २:२० ची?