विहीर खणण्याची विद्या



गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्या घरीं आले. मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला असून त्यास आतां तेलाच्या व वायूच्या विहिरींच्या अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यास करावयाचा आहे, त्यासाठीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें जावयाचें आहे, आणि खर्चासाठीं घरची चार एकर जमीन गहाण ठेवावी लागणार आहे, असें त्यांनीं सांगितलें. मग थोडें थांबून ते म्हणाले, "मास्तर, आमच्या आजोबांनीं पहारीनें अन् सुरुंगानें अख्खी विहीर खणली. त्यांना अक्षरओळखही नव्हती. विहीर खणायला एवढी विद्या कशाला लागते?"

प्रश्न साधा होता, पण चार एकरांचा होता. त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर त्रोटक होतें. तेंच येथें सविस्तर लिहीत आहों.

पाण्याची विहीर खणणारा मनुष्य स्वतः खालीं उतरतो. खडक त्याच्या हातास लागतो, झरा डोळ्यांस दिसतो. तेलाच्या विहिरींत कोणीही उतरत नाहीं. तिचें तोंड फार तर दीड हात रुंद, तळ वीतभर, आणि खोली दोन-तीन हजार मीटर, क्वचित् त्याहून कितीतरी अधिक. खालीं काय चाललें आहे तें वर बसून, दाबमापकांच्या कांट्यांवरून आणि परत येणाऱ्या चिखलावरून ओळखावें लागतें. वैद्य जसा नाडीवरून पोटांतला रोग ओळखतो, तसाच हा प्रकार.

आरंभ मात्र पहारीच्याच जातीचा होता. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक यास २७ ऑगस्ट १८५९ रोजीं अवघ्या साडेएकुणसत्तर फुटांवर तेल लागलें. भोंकाच्या बाजू ढांसळून पाणी भरूं लागलें तेव्हां त्यानें लोखंडी नळ खडकापर्यंत ठोकून बसविला व नळाच्या आंतून काम पुढें चालविलें. आजही प्रत्येक तेलविहिरींत नळ असतो तो याच कारणास्तव. आपल्या देशांत आसामांतील डिगबोई येथें १८८९ त तेल लागलें. पुढें १० जानेवारी १९०१ रोजीं टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथें विहिरींतून तेलाचें उंच कारंजें उसळलें, आणि तें आवरण्यास नऊ दिवस लागले. लोक तें पाहण्यास आनंदानें जमले होते. आज तसें कारंजें उडालें तर त्यास अपघात म्हणतात आणि चौकशी बसते.

हें कारंजें उडूं न देणें हाच या विद्येचा गाभा. द्रवाचा दाब त्याच्या खोलीवर व घनतेवर अवलंबून असतो, भांड्याच्या रुंदीवर नव्हे, हें तुम्ही पदार्थविज्ञानाच्या तासास शिकलां आहां. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम भार घालतो. तेव्हां ३००० मीटर खोल विहीर पाण्यानें भरली तर तळाशीं ३०० किलोग्रॅम भार होईल. समजा, तेथल्या खडकाच्या छिद्रांत कोंडलेल्या वायूचा दाब ३६० आहे. पाणी हरेल आणि वायू वर येईल. म्हणून पाण्यांत बेंटोनाइट नांवाची माती कालवितात, आणि बराइट नांवाच्या जड दगडाची पूड घालून मिश्रणाची घनता १.२५ पर्यंत चढवितात. आतां तळाशीं ३७५ भार झाला. वायू जागच्या जागीं बसला. (हें बराइट आंध्र प्रदेशांत मंगमपेट येथें विपुल सांपडतें.) या मिश्रणास कामगार सरळ चिखलच म्हणतात, परंतु तो रोज मोजला-तोलला जातो, आणि खोदलेल्या खडकाचा चुराही तोच वर आणतो.

"मग चिखल आणखी जड कां करूं नये?" असें आमच्या वर्गांतील एका मुलीनें लागलीच विचारलें. प्रश्न मर्माचा होता. भार फार झाला कीं वाटेंतला एखादा कच्चा खडक तडकतो, चिखल त्या भेगेंत निघून जातो, स्तंभाची उंची उतरते, आणि जो वायू दाबून धरला होता तोच मोकळा होतो. इकडे आड, तिकडे विहीर ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. या दोन मर्यादांमधली वाट जेथें संपते तेथें थांबून पोलादी नळ उतरवितात, नळ व खडक यांमधील फटींत सिमेंट भरतात, आणि त्याहून लहान तोंडाचें भोंक पुढें पाडूं लागतात. तेलाची विहीर खालीं निमुळती होत जाते ती यामुळें.

एवढी काळजी घेऊनही थोडा वायू आंत शिरतोच. तेव्हां बॉइलचा नियम आठवा. तळाशीं ३०० किलोग्रॅम दाबाखालीं जो वायू एका बादलींत मावतो, तो वर मोकळ्या हवेंत आला असतां स्थूलमानानें तीनशें बादल्या होतो. आरंभीं कांहींच भयंकर दिसत नाहीं. चिखलाच्या हौदाची पातळी चार बोटें चढते, इतकेंच. जो ती चार बोटें पाहतो तो विहीर वांचवितो. विहिरीच्या तोंडावर यासाठीं एक प्रचंड झडप बसविलेली असते. तिचा शोध १९२२ त अमेरिकेंत ॲबरक्रॉम्बी व कॅमेरॉन या दोघांनीं लावला. पण झडप मिटून स्वस्थ बसतां येत नाहीं. वायूस फुगूं दिलें नाहीं तर तो तळाचा दाब तसाच घेऊन वर चढतो आणि खडक फोडतो. म्हणून तोंड किंचित् उघडें ठेवून, किती सोडावयाचें व किती धरावयाचें याचा हिशेब करीत, वायू बाहेर काढावा लागतो.

हिशेब चुकला तर काय होतें, तें २० एप्रिल २०१० रोजीं मेक्सिकोच्या आखातांत दिसलें. मॅकोंडो नांवाची विहीर खणून झाली होती, तळाशीं सिमेंट घातलें होतें. तें धरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वरचा भार कमी करून परीक्षा घेतली. एका नळीवरील दाबमापक सुमारें १४०० पौंडांचा दाब दाखवीत होता, दुसऱ्या नळींतून कांहींच येत नव्हतें. पहिल्या कांट्याचें कांहींतरी कारण सांगण्यांत आलें, दुसऱ्यावर विश्वास ठेवण्यांत आला, आणि जड चिखल काढून त्या जागीं समुद्राचें पाणी भरण्याचें काम पुढें चाललें. त्याच रात्रीं स्फोट होऊन ११ माणसें गेलीं. तोंडावरची झडप विहीर बंद करूं शकली नाहीं; तेल ८७ दिवस समुद्रांत वाहत राहिलें. तेथें शिकलेलीं माणसें नव्हतीं असें नव्हे. नको असलेलें उत्तर समोर आलें कीं शिकलेला मनुष्यही त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावतो, असें आम्हांस वाटतें. आमच्या प्रयोगशाळेंत आकडे जुळविणाऱ्या मुलांस आम्ही रागें भरतों तें उगीच नव्हे.

आपल्याकडेही आसामांत बागजान येथें २७ मे २०२० रोजीं विहीर फुटली. ९ जूनला तिनें पेट घेतला, आग विझविणारे दोन जवान मृत्यु पावले, हजारों गांवकऱ्यांस छावण्यांत राहावें लागलें. ज्वाला शांत होण्यास नोव्हेंबर उजाडला.

आतां अभ्यासाविषयीं. हा पाठ्यक्रम ब्रिटनमध्यें बहुधा एक वर्षाचा, आपल्या देशांत दोन वर्षांचा असतो. खडकांचें यंत्रशास्त्र, चिखल व सिमेंट यांचें रसायन, नळांची ताकद, तिरकी विहीर नेण्याचें गणित, दाबाचें नियंत्रण असे विषय. शेवटीं एक प्रबंध. खोट्या विहिरीच्या यंत्रासमोर बसवून विद्यार्थ्याकडून संकटें हाताळून घेतात. ॲबर्डीन हें गांव उत्तर समुद्रांतील तेलामुळें या विद्येचें माहेरघर झालें. परंतु धनबाद येथील खाणशास्त्राची शाळा, जी १९२६ त निघाली व २०१६ त आय. आय. टी. झाली, तेथें १९५७ पासून पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकविली जाते. जमीन गहाण ठेवण्यापूर्वीं धनबादची वाट पाहावी, असें आमचें प्रामाणिक मत आहे, व तें आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें.

आणखी एक गोष्ट लपविली नाहीं. २०१४ त तेलाचा भाव कोसळला तेव्हां पुढील दोन वर्षांत ॲबर्डीनमध्येंच हजारों लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जगही तेलापासून हळूहळू दूर होऊं पाहत आहे. पण विहिरीची विद्या तेलालाच बांधलेली नाहीं. नॉर्वेजवळ समुद्रतळाखालीं १९९६ पासून कार्बन वायू विहिरीवाटे पुरून ठेवीत आले आहेत. आइसलंडांत विहिरींतून भूगर्भाची उष्णता काढतात. जुन्या विहिरी कायमच्या बुजविण्याचें कामही पुष्कळ आहे. आपल्या महाराष्ट्रांत, मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, १९७४ त 'सागर सम्राट'नें तेल शोधलें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु कोयनेजवळ गोठणे येथें भूकंपाच्या अभ्यासासाठीं तीन किलोमीटर खोल विवर २०१७ त पूर्ण झालें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे थर भेदून तें खालच्या ग्रॅनाइटांत उतरलें आहे.

ते गृहस्थ ऑगस्टमध्यें पुन्हा आले. त्यांनीं हें सारें मुलाकडून वदवून घेतलें होतें. या खेपेस त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या कांट्यापाशीं माझा मुलगा एकटाच असेल का हो?" आम्हीं म्हटलें, "नाहीं, सोबत माणसें असतात. पण संशय आला तर काम थांबवा असें म्हणण्याचा अधिकार त्यांतल्या धाकट्यांतल्या धाकट्यालाही असतो."

"आणि तो तसें म्हणेल का?"

"आमच्या वर्गांत असतांना," आम्ही म्हणालों, "फळ्यावरची आमची चूक दोनदां त्यानेंच दाखविली होती."

ते प्रथमच हंसले. सप्टेंबरांत मुलगा रवाना झाला. गहाण चारांऐवजीं दोन एकर पडली, बाकीचें मामांनीं दिलें. त्याचें पहिलें पत्र आलें आहे. त्यांत विहिरींविषयीं चारच ओळी आहेत. थंडीविषयीं दीड पान.