वीस कर्जे आणि एकच पाऊस : द्विपद वितरणाचा परिचय

एका शाखेने एका हंगामात वीस शेतकऱ्यांना सारख्या रकमेची पीककर्जे दिली आहेत, असे समजू. अशा शंभर कर्जांपैकी सरासरी पाच थकतात, असे पूर्वानुभव सांगतो. म्हणजे विसांत सरासरी एक. परंतु केवळ सरासरीवर विसंबून चालत नाही. तीन कर्जे थकली तर? सहा थकली तर? कर्जाऊ दिलेला पैसा अखेर ठेवीदारांचा असतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरे अटकळीने नव्हे, तर हिशेबाने शोधावी लागतात. संभाव्यताशास्त्रात या हिशेबाला ‘द्विपद वितरण’ म्हणतात.

चार अटी

हे वितरण लागू होण्यासाठी चार अटी पूर्ण व्हाव्या लागतात. घटनांची संख्या निश्चित असावी. येथे ती वीस आहे. प्रत्येक घटनेचे दोनच परिणाम संभवावेत : कर्ज फिटेल किंवा थकेल. प्रत्येक कर्ज थकण्याची संभाव्यता सारखी असावी. येथे ती ०.०५ आहे. आणि एका कर्जाच्या परिणामाचा दुसऱ्यावर प्रभाव पडू नये. स्विस गणिती याकोब बर्नुली यांनी अशा घटनांचे पद्धतशीर विवेचन केले. त्यांचा ‘आर्स कंजेक्टांडी’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष आकडेमोड

एक कर्ज फिटण्याची संभाव्यता ०.९५. विसांपैकी एकही न थकण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९५ ही संख्या वीस वेळा घेऊन गुणाकार करावा. उत्तर येते ०.३५८५.

आता नेमके एक कर्ज थकले असे धरू. ०.०५ एकदा आणि ०.९५ एकोणीस वेळा घेऊन केलेला गुणाकार ०.०१८८७ येतो. पण थकणारे कर्ज विसांपैकी कोणतेही असू शकते. म्हणून याला २० ने गुणावे. उत्तर ०.३७७४.

दोन कर्जे थकण्याच्या बाबतीत प्रथम विसांतून दोन किती प्रकारे निवडता येतील, हे पाहावे लागते. २० गुणिले १९, भागिले २, म्हणजे १९० प्रकार. निवडीचे हे गणित आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सहा रसांच्या मिश्रणांचे उदाहरण आहे, त्याच रीतीने सहांतून दोन रसांची १५ मिश्रणे होतात. येथे ०.०५ दोनदा, ०.९५ अठरा वेळा आणि १९० यांचा गुणाकार ०.१८८७ येतो.

तिन्ही संभाव्यतांची बेरीज सुमारे ०.९२५ होते. म्हणून तीन किंवा अधिक कर्जे थकण्याची संभाव्यता उरते ०.०७५, म्हणजे शेकडा साडेसात. याच रीतीने सहा किंवा अधिक कर्जे थकण्याची संभाव्यता काढली, तर ती दहा हजारांत अवघी तीन येते. हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत होईल.

चौथ्या अटीची कसोटी

परंतु ही निश्चिंती चौथ्या अटीवर उभी आहे. वीसही शेतकरी एकाच तालुक्यातील, एकच पीक घेणारे असतील, तर त्यांच्यावर पाऊस एकच पडतो आणि दडीही एकाच वेळी मारतो.

दहांपैकी नऊ वर्षे पाऊस चांगला होतो व शेकडा दोन कर्जे थकतात. एक वर्ष दुष्काळाचे असते व शेकडा बत्तीस थकतात, असे मानू. दीर्घकालीन सरासरी पुन्हा शेकडा पाचच येते. मात्र सहा किंवा अधिक कर्जे थकण्याची संभाव्यता आता सुमारे शेकडा साडेसहा होते. आधीच्या उत्तराच्या जवळजवळ दोनशे पट! सरासरी तसूभरही बदलली नाही, जोखीम मात्र पार बदलली.

२००७-०८ मध्ये अमेरिकेतील गृहकर्जांच्या बाबतीत हीच चूक मोठ्या प्रमाणावर घडली. निरनिराळ्या भागांतील घरांच्या किमती एकाच वेळी कोसळण्याची शक्यता फार कमी लेखली गेली होती.

व्यवहारातील बोध

कर्जे निरनिराळी पिके, व्यवसाय आणि प्रदेश यांत विभागून देण्यामागे हेच तत्त्व आहे. २०१६ च्या खरीप हंगामापासून लागू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेसारख्या योजनांचे महत्त्वही यातूनच स्पष्ट होते. कारण सर्वांवर एकदम येणारे संकट एकट्या शाखेला किंवा एकट्या गावाला पेलवत नाही. ग्राहकानेही आपली सर्व बचत एकाच ठिकाणी गुंतविण्यापूर्वी या हिशेबाचे स्मरण ठेवावे.

सूत्र अचूकच असते. ते वापरण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एवढाच : या वीस घटना खरोखरच वीस आहेत, की एकाच घटनेची वीस रूपे?