आधी चिपची पिढी विचार

पोरा, धडगावच्या शाळेत इंटरनेटशिवाय चालणारं विकिपीडियाचं वाचनालय उभं करतोयस, फार चांगलं काम आहे. पण बोर्ड घेताना रॅम किती, हे नंतर विचार. आधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा, ते विचार.

२०१२चा पहिला रास्पबेरी पाय आणि जुना पाय झिरो, दोघेही एआरएमव्ही६चे. डेबियनची ३२ बिटांची हार्डफ्लोट आवृत्ती एआरएमव्ही७ धरून बांधलेली असते. ती यांच्यावर टाकलीस की ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडणार. मग मुलं कार्ड बदलतात, अडॅप्टर बदलतात. बिघाड कशातच नसतो, त्या चिपला ती सूचनाच येत नसते. झिरो २ मात्र ६४ बिटांचा आहे, तेव्हा खोक्यावरचं नाव नीट वाच.

६४ बिट म्हटलं की सगळं चालेल, असंही धरू नकोस. पाय ४ एआरएमव्ही८.०चा आहे आणि मोंगोडीबी हा डेटाबेस ५.०पासून पुढे ८.२ मागतो. मुलांच्या नोंदी ठेवायला साधं एसक्यूलाइट घे, ते कुठेही चालतं.

स्वस्तात जुना जीओडचा बोर्ड मिळतोय म्हणाला होतास. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांच्यात हाच एएमडी जीओड एलएक्स होता, ४३३ मेगाहर्ट्झचा. तो ६८६च्या वर्गातला, पण ‘लाँग नॉप’ ही एक सूचना त्याला येत नाही. ही सूचना काहीच करत नाही, नुसती जागा भरते. तरी २०२३च्या डेबियन १२ने ती सक्तीची केली आणि जीओड बाद झाला. मला याची फार हळहळ वाटते, कारण चालती यंत्रं अशीच अडगळीत जातात. शाळेसाठी नव्याने घ्यायचा असेल तर तो घेऊ नकोस.

आता बस, म्हणजे डेटा ज्या वाटेने जातो ती. पाय ३मध्ये चारही यूएसबी पोर्ट आणि लॅन एकाच यूएसबी २.०वरून जातात, सगळ्यांत मिळून सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी डिस्कवरचा विकिपीडिया लॅनवरून अख्ख्या वर्गाला वाटायचा, तर दोन्ही ओझी त्याच वाटेने जाणार. पाय ४मध्ये वाटा वेगळ्या आहेत, म्हणून माझ्या मते तोच घे. पाय ५ घेतलास तर महागडी जेन ४ एनव्हीएमई नको, त्याची पीसीआयई अधिकृतपणे जेन २ची एकच लेन आहे. आणि जीपीआयओच्या पिनांना ३.३ व्होल्टच, ५ व्होल्टची तार लावलीस तर चिप जळेल.

सातपुड्यात वर गेल्यावर पॅकेज उतरवायला नेट मिळेल, या भरवशावर राहू नकोस. नंदुरबारलाच त्याच बोर्डावर सगळं चालवून बघ, कार्डाची दुसरी प्रत काढ आणि मगच धडगावची गाडी पकड.